आठ वर्षांची कोरी कॉइल

त्या गावाचं पाणी डोंगरातून यायचं, आणि रिकाम्या हाती ते कधी आलं नाही. गावामागे पांढऱ्या चुनखडीचा डोंगर. त्याच्या पोटातून, कपारी चाटत चाटत पाणी खाली उतरायचं आणि समुद्राच्या दाराशी येऊन नळात शिरायचं. दहा पावलांवर एवढा अफाट खारा समुद्र, पण गावाची भांडणं सगळी या गोड्या पाण्याशी. साबण घासून घासून मनगट दुखायचं आणि फेस यायचा तो आजारी माणसाच्या हसण्याएवढा. पांढरा सदरा तीन धुण्यांत राखाडी व्हायचा. शॉवरच्या निम्म्या भोकांत चुना ठाण मांडून बसलेला, त्यामुळे उरलेल्या भोकांतलं पाणी वाट फुटेल तिकडे पळायचं. एक धार डोळ्यात, एक खिडकीवर, एक नेमकी कोरड्या टॉवेलवर. चहा दोन मिनिटं ठेवला की त्यावर चकचकीत पापुद्रा धरायचा. परगावची पाहुणी पहिल्या अंघोळीनंतर केसांना हात लावून घाबरून विचारायची, "अहो, हे काय झालं?" आणि गावातल्या बाया म्हणायच्या, "काही नाही झालं, आता तुम्ही आमच्यातल्या झालात."

अशा गावात गीझर दुरुस्त करणाऱ्याला उसंत कुठली? त्याला सगळे खडूकाका म्हणायचे. संध्याकाळी घरी परतताना तो भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा झालेला असायचा, जणू कुणी त्याच्या अंगानेच फळा पुसलाय. गीझर खाली उतरवायचा, पोट उघडायचं, आतली तांब्याची कॉइल बाहेर काढायची आणि तिच्यावर चढलेला चुन्याचा थर ठोकून, खरवडून साफ करायचा. तीस वर्षं हेच काम. आणि तीस वर्षांत त्याला एक खोड लागली होती. तो गीझर वाचायचा.

झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची कडी दिसतात, तसे चुन्यात थर दिसतात. काका चुन्याचा एखादा तुकडा उजेडात धरायचे, नखाने टोकरायचे आणि घरातल्या माणसांची कुंडली मांडल्यासारखं बोलू लागायचे. "इथे पाणी कडकडीत लागतं कुणाला तरी. इथे पाहुणे राहून गेले. आणि इथे, हे बघा, कुणीतरी रोज तासभर नळ सोडून रडत होतं." त्या घरची बाई लाजून म्हणाली होती, "रडत नाही हो, कादंबरी वाचते." पण तासभर हे बरोबर निघालं ना! गावात त्यांची कीर्ती झाली. चमचाभर चुना घेऊन लोक सल्ला विचारायला येऊ लागले.

कीर्ती अंगाशी आली ती पुतणीच्या वेळी. तिला पसंत असलेल्या मुलाच्या घरी काका मुद्दाम जाऊन गीझर उघडून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "कॉइलला एकाच बाजूने चुना आहे. हे लोक टाकी पूर्ण भरत नाहीत. पाण्यात एवढी कंजुषी, तर माणसांत किती असेल?" बोलाचाली झाली, जमलेलं मोडलं. सहा महिन्यांनी कळलं की त्यांचा गीझर भिंतीवर तिरका बसवलेला होता, एवढंच. पुतणीने पुढे दुसरीकडे संसार थाटला, बरा चाललाय. पण काकांशी ती तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलते. "कसे आहात?" "बरा आहे." संपलं.

काकांना लेक एकच. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला होती, लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडायला. बायको म्हणायची, "आमच्या घरात सगळे खरवडूनच खातात." लेक म्हणायची, "बाबांचं काम सोपं. कॉइल निदान मध्येच तोंड तरी मिटत नाही."

सोमवारी संध्याकाळी बायको मोरीत कपडे घोळत होती, फेसाची वाट बघत होती आणि स्वतःशीच जुळवून गुणगुणत होती:

"डोंगरच्या बाई पाण्या, काय बांधलं पदरी?
चिमूटभर चुना बाई, वाटत जाते घरोघरी."

तेवढ्यात लेक मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, रविवारी चार वाजता एक जण येणार आहे. आईला घेऊन."

मोरीतलं गाणं थांबलं. काकांचा चहा हातातच राहिला.

"कोण?"

"होड्यांचा सुतार आहे. खिळे दातांत धरून काम करायची सवय, एकदा दाताचा टवका उडाला. म्हणून दवाखान्यात आला."

"आणि?"

"आणि मग आणखी तीनदा आला."

"एवढे दात खराब?" बायकोने आतून विचारलं.

"नाही गं. चौथ्यांदा खरवडायला काही उरलंच नव्हतं. नुसत्या गप्पा मारल्या."

काकांनी कप खाली ठेवला. "राहतो कुठे?"

"धक्क्यामागच्या गल्लीत. पिवळ्या जिन्याची इमारत, दुसरा मजला."

"हं. पिवळा जिना. तिथे गीझर कुठला असेल बरं, उभा की..."

"बाबा!"

लेक त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि काकांना चढलेल्या आवाजापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची. "त्याच्या गीझरला हात लावायचा नाही. तुम्ही त्याच्याशी बोला. हवं ते विचारा. नाही आवडला तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. पण माणूस बघून सांगा, चुना बघून नाही. आयुष्यात तुमच्याकडे हे एकच मागतेय. नाही पाळलंत, तर मीही ताईसारखी जेवढ्यास तेवढं बोलेन."

या घरात संध्याकाळी लेकीचा आवाज नसेल तर उरेल काय, नळाची टपटप? "नाही लावणार," ते म्हणाले. "शब्द."

शब्द दिला सोमवारी, आणि गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"गीझरवाले का? आमच्या गीझरच्या पोटावर तुमच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली आहे हो. बटण दाबलं की अख्ख्या घराची वीज जाते. कालपासून घरात कंदिलाचा जमाना आलाय. पिवळा जिना, दुसरा मजला, धक्क्यामागे."

काका फोन धरून उभेच राहिले. सरळ मार्ग असा होता की बाजारातल्या दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर द्यायचा आणि मोकळं व्हायचं. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. तोंडापर्यंत आलाही. पण जिभेने ऐन वेळी दगा दिला. "येतो अर्ध्या तासात," ती म्हणाली.

वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण कुठे गेलो होतो शोधत? गीझरनेच बोलावलं. आजारी गीझरला नाही म्हणायचं का? शिवाय हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पिवळ्या जिन्याच्या पायथ्याशी थांबून काकांनी खिशातून हातमोजे काढले आणि घातले.

सुताराची आई ठेंगणी, गोल आणि बोलघेवडी होती. रविवारी भेटायच्या मुलीचा बाप हाच, हे तिला ठाऊक नव्हतं आणि काकांनी सांगितलं नाही. मोरीच्या दाराशी स्टूल टाकून ती गप्पांना बसली.

"आठ वर्षांपूर्वी तुम्हीच बसवून गेला होता. तेव्हापासून कुणी हात लावला नाही. मी तर बाई गार पाण्याचीच. गीझर सगळा मुलासाठी. संध्याकाळी येतो तो भुशाने भरलेला, डांबराने माखलेला. अर्धा तास आत असतो, आणि काय गातो म्हणता! खालच्या मजल्यावरचे झाडू आपटतात."

काका मनात हिशेब करत होते. रोज अर्धा तास, कढत पाणी, आठ वर्षं. म्हणजे कॉइल मनगटाएवढी जाड झाली असेल. हातोडी तयार ठेवून त्यांनी बोल्ट सोडले, कॉइल बाहेर ओढली आणि जागच्या जागी थिजले.

कॉइल चमकत होती. नव्या भांड्यासारखी. बुडाशी त्यांनी स्वतः ठोकलेली खूण होती, म्हणजे कॉइल तीच. टाकीच्या तळात बोट फिरवलं, तर मूठभर गाळ सोडा, चिमूटभर चुनाही नाही. कपाळाचा घाम चष्म्यावर उतरला, तो पुसायचंही सुचेना. या गावात महिनाभर वापरलेली कॉइलसुद्धा पीठ लावल्यासारखी पांढरी होते. घरच्या माणसाने स्वतः गीझर उघडून कॉइल साफ केली असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. स्वतःचं पोट उघडून आतडी कोण धुतो? म्हणजे अर्थ एकच. हा गीझर कधी तापलाच नाही, आणि पडून पडून सडला.

"मुलगा इथेच राहतो ना तुमचा?" त्यांनी जमेल तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"मग कुठे राहील? इथेच जेवतो, इथेच झोपतो."

"आणि अंघोळ?"

"अहो, म्हणजे काय! अंघोळ करायला परगावी जातो का कुणी?"

या मापाची नवी कॉइल सोमवारी मिळेल, तोवर गार पाण्यावर भागवा असं सांगून, जुनी कॉइल पिशवीत घालून काका जिना उतरले. पिशवीत तांब्याचं वजन शेरभर, पण खांदा मणाच्या ओझ्याने वाकलेला.

बायकोने चेहरा बघूनच ओळखलं. लेक दवाखान्यातून यायला अजून तास होता.

"काय उघडून आलात?"

"काही नाही."

"काही नाही उघडल्यावर तोंड असं होत नाही. बोला."

काकांनी पिशवीतून कॉइल काढून ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बायकोने आधी डोक्याला हात लावला, मग नवऱ्याच्या डोक्यालाही लावला, ताप आहे का बघायला.

"शब्द दिला होतात."

"दिला होता. पण अगं, ऐक. आई म्हणते रोज अर्धा तास अंघोळ. कॉइल म्हणते एकही नाही. म्हणजे हा पोरगा त्या घरात राहतच नाही! आई पांघरूण घालतेय. त्याचं दुसरं बिऱ्हाड असेल. तिथे दुसरा गीझर असेल. तिथल्या गीझरवर..." त्यांचा आवाज कापला, "तिथल्या गीझरवर दोन माणसांचा चुना असेल."

"किंवा तो अंघोळच करत नसेल."

"मग आत अर्धा तास गातो कोण?"

"कोरडं गातो, असं म्हणायचंय का तुम्हाला? की टॉवेल गुंडाळून मैफल भरवतो?" बायकोला हसू आवरेना, पण हसता हसता तिची नजर ओट्यावर गेली आणि तिने कॉइल उचलून फिरवून बघितली. कॉइल खरंच कोरी होती. तिलाही या पाण्यात पंचवीस वर्षं झाली होती.

"लेकीला सांगायचं का?" काकांनी विचारलं.

"काय सांगाल? की शब्द मोडला आणि वर त्याच्यावर आळ घेतला? गप्प बसा रविवारपर्यंत. समोर आला की तोंडावर विचारा."

रविवारपर्यंतचे तीन दिवस काकांना तीन महिन्यांसारखे गेले. लेक खुशीत होती. तिने पडदे धुतले, काचेच्या पेल्यांवरचे पांढरे डाग व्हिनेगर लावून पुसले, किटलीला चमकवलं. "बाबा, तुम्ही फार शांत आहात," ती म्हणाली. "घाबरू नका हो, चांगला आहे तो." ती किटलीत स्वतःचा जो हसरा चेहरा बघतेय, तो आपण पुसून टाकणार आहोत की तिला वाचवणार आहोत, हेच काकांना कळेना.

चार वाजता दार वाजलं. सुतार उंच होता, हातात टोपी, पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, आणि तो सारखा शिंकत होता. त्याच्यामागून त्याची आई आत आली, काकांना बघून थबकली आणि आनंदाने ओरडली, "अगंबाई, हे तर आपले गीझरवाले!"

लेकीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने फार हळू खाली ठेवला. "बाबा. तुम्ही गेला होतात?"

"त्यांनीच बोलावलं..." काका म्हणाले.

"अहो, मीच बोलावलं," सुताराची आई म्हणाली. "वीज जात होती ना! काय चुकलं का माझं?"

"तुमचं काही नाही चुकलं, मावशी."

आता मागे फिरायला जागा नव्हती. काका आत गेले, कॉइल घेऊन आले आणि चहाच्या ट्रेशेजारी ठेवली, कोर्टात पुरावा ठेवतात तशी. "मोडला शब्द. माझं चुकलं, हवी ती शिक्षा दे. पण हे बघ. आठ वर्षं, आणि कणभर चुना नाही. तू दातांतली माणसं ओळखतेस, मी पाण्यातली. हा मुलगा त्या घरात राहत नाही. कुठे राहतो ते विचार त्याला."

"काय?" सुताराची आई उभीच राहिली. "माझा मुलगा माझ्या घरात राहत नाही, आणि ते मला माहीत नाही?"

सुताराने काही बोलायला तोंड उघडलं, पण शिंकच आली. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तो लाल झाला होता.

लेकीने कॉइल उचलली. राग डोक्यात होता, पण हातांची सवय हातांपाशी. ती खिडकीशी गेली, कॉइल उजेडात धरली, दात बघतात तशी तिरकी केली, वेटोळ्यांच्या आतल्या खाचांत डोळा लावला. बराच वेळ. मग म्हणाली, "बाबा, चष्मा पुसून इकडे या."

बाहेरून कॉइल आरशासारखी गुळगुळीत होती. पण वेटोळ्याच्या आत, जिथे कापड किंवा कागद पोचत नाही, तिथे बारीक, वाकड्या, एकाच बाजूला ओढलेल्या ओरखड्यांची रांग होती.

"हे कशाचे ओरखडे आहेत सांगू? दाढेच्या मागची बाजू खरवडायच्या हुकाचे. माझ्या हुकाचे. टोक बोथट झालं म्हणून डॉक्टरीणबाईंनी टाकून दिला होता." ती सुताराकडे वळली. "होडीच्या फटीतले शिंपले काढायला हवा म्हणून नेला होतास ना रे?"

सुताराने टोपी दोन्ही हातांनी पिळली. "तूच म्हणालीस, बाबा गीझर वाचतात."

"मी हेही म्हणाले की ते येणार नाहीत. शब्द दिलाय त्यांनी."

"हो. पण मला वाटलं, येतील. मी असतो तर आलो असतो." तो काकांकडे बघून म्हणाला, "काका, मंगळवारी रात्री आई झोपल्यावर मी गीझर उघडला. आत एवढा चुना होता की कॉइल दिसेना. मला वाटलं, हा बघून तुम्ही काय काय म्हणाल. म्हणून आधी हुकाने खरवडला, मग व्हिनेगर लावलं, मग पॉलिशपेपर मारला. आधी ऐंशी नंबरचा, मग एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा. एकदा हात लागला की मला थांबता येत नाही."

"तरीच!" काका ओरडले. "तरीच कॉइलला भोक पडलं! अरे, पत्रा झिजवलास तू! पाणी आत शिरलं, वीज जाणार नाही तर काय?" आणि मग, आवाज एकदम खाली आणून, पोर हरवल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि तो चुना? तो कुठाय?"

"समुद्रात टाकला."

"आठ वर्षांचा?"

"सगळा."

काका खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर कुणाचं तरी ग्रंथालय जळाल्याचं दुःख होतं.

"झालं?" लेक म्हणाली. "एकाने मला दिलेला शब्द मोडला. दुसऱ्याने मला खोटं सांगून हत्यार नेलं. आणि आता दोघं मिळून चुन्याचं सुतक पाळताय. बाबा, मला तुमचा होकार हवा होता असं नाही. तुम्ही त्याच्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. तेवढं सोडून तुम्ही सगळं केलंत." ती बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली, पाठ दाराकडे करून. ती पाठ बघून काकांना पुतणी आठवली. कसे आहात? बरा आहे. संपलं.

दोन्ही आयांनी एकमेकींकडे बघितलं. काकू कप भरू लागली. "अहो, उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तू पण रे. दोघं बाहेर जा आणि बोला. काहीही बोला. कॉइल मात्र इथेच राहील."

"आणि भांडलात तरी चालेल," सुताराची आई म्हणाली, "पण शिंकलास तर रुमाल तोंडावर धर."

दोघं लेकीच्या बाजूने अंग चोरून जिना उतरले आणि समुद्राच्या कठड्याला लागले. शंभर पावलं झाली. काकांना समजेना सुरुवात कुठून करायची. गीझर असता तर चार बोल्ट सोडले असते. या पोराला बोल्ट कुठे होते?

"पाणी किती गरम लागतं तुला?" शेवटी त्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. "राहू दे. ते नाही विचारायचं."

"कढत लागतं," सुतार म्हणाला.

"हं."

आणखी पन्नास पावलं.

"एक विचारू?" काका म्हणाले. "चुना असतोच प्रत्येकाच्या घरी. तू एवढा का घाबरलास? लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

सुतार थांबला. कठड्याला टेकून त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "गीझर बसवल्यावर तिसऱ्या वर्षी मी आईशी भांडून घर सोडलं होतं. वर्षभर दुसऱ्या बंदरात होतो. कारण काहीच नव्हतं, नुसता ताठा. ती एकटी होती इथे, आणि आजारी पडली तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. त्या वर्षी गीझर बंद होता. तुम्ही थर मोजले असते, तर एक वर्ष कमी भरलं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं असतं, हा कुठे होता? हे मी तुमच्या लेकीला अजून सांगितलेलं नाही. सांगणार होतो. आधी तुम्हाला कळू नये असं वाटलं."

काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. आज पहिल्यांदाच. चष्मा पुसून.

"मला दिसलं नसतं," ते म्हणाले.

"काय?"

"एक वर्ष. मला दिसलं नसतं रे. एवढं बारीक कुणाला दिसतं? चार थर, आठ थर, एकमेकांत मिसळलेले असतात सगळे." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि तीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. "अर्धं मी दारात शिरतानाच ओळखतो. चपला-बूट बघतो. किती जोड, कुणाचे झिजलेले. घरची बाई नवऱ्याबद्दल कशी बोलते ते ऐकतो. नंतर चुना हातात घेतो आणि तेच त्याच्यात वाचून दाखवतो. लोकांना चुन्याचं पटतं. माझं कोण ऐकेल?"

सुतार हसायला लागला, आणि हसता हसता शिंकला. काकांनी आपला रुमाल पुढे केला. रुमालातून खडू उडाला आणि तो आणखी दोनदा शिंकला.

"मग आमच्या दारात काय दिसलं तुम्हाला?"

काकांनी आठवून बघितलं. त्या दिवशी डोक्यात गीझर एवढा भरला होता की दाराकडे लक्षच गेलं नव्हतं. "काहीच नाही बघितलं," ते कबूल झाले. "गीझरकडेच धावलो." मग थोडं थांबून म्हणाले, "घर सोडल्याचं तिला आजच सांग. माझ्या लेकीचा राग किती टिकतो माहीत आहे?"

"एकदा दोन दिवस टिकला होता."

"म्हणजे तू अजून खरा राग बघितलाच नाहीस."

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. लेक अजून पायरीवरच होती, पण आता तोंड रस्त्याकडे होतं. सुतार तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. वर्षभराचं आहे." ते दोघं जिन्याच्या कोपऱ्यात गेले. काकांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि समोरच्या गल्लीतली मांजरं मोजली. तीन होती. पुन्हा मोजली, तरी तीनच. मागे एकदा लेकीचा आवाज चढला, मग त्याचा अगदी बारीक झाला, मग बराच वेळ दोघांचाही आला नाही.

शेवटी लेक त्यांच्यापाशी आली. डोळे ओले होते, पण राग डोळ्यांच्या खाली उतरला होता. "मग, बाबा? कसा आहे?"

सवयीने काकांचा अंगठा बोटावर घासला गेला, चुना टोकरतात तसा. "माहीत नाही," ते म्हणाले. "एका फेरीत कळण्यातला नाही. उद्या पुन्हा जातो त्याच्याकडे. बोलायला."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांत बाबांच्या तोंडून कुणाबद्दल 'माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले नव्हते.

"बोलायला या, पण कॉइल घेऊन या हो!" सुताराची आई आतून ओरडली. "नाहीतर हा पोरगा शिंकून शिंकून मरायचा."

"आणतो," काका म्हणाले. "पण बसवेल तो. बिघडवली त्याने, बसवेलही तोच. मी स्टुलावर बसून त्याचं डोकं खाईन."

सगळे आत आले. पहिला चहा केव्हाच गार झाला होता आणि त्यावर जाडजूड पापुद्रा धरला होता, म्हणून काकूने नवा ठेवला. लेकीने पहिला कप बापाच्या हातात दिला, दुसरा सुताराच्या आईला, आणि सगळ्यात शेवटी सुताराला. त्याच्या कपात साखर नव्हती. विसरली की मुद्दाम, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने शेवटच्या घोटापर्यंत तसाच प्यायला, आणि आणखी आहे का विचारलं.